युफला निघण्याआधी

पहिल्यांदा उंची डोक्यात पक्की बसू द्या. युफ २१२६ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही ४८० मीटर वर, आणि तिथे माणसं बारा महिने राहतात. युरोपातलं सर्वांत उंच बारमाही गाव म्हणून ते ओळखलं जातं. तेव्हा जुलैत जाणार असलात तरी लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि पावसाचं जाकीट बॅगेत हवंच. तिथे उन्हाळ्यातही बर्फ भुरभुरतो. पहिल्या दिवशी चढाई ठेवू नका.

मग नकाशा. युफ ही आफर्स नावाच्या ग्रामपालिकेची शेवटची वाडी. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातलं हे खोरं सुमारे ९३ चौरस किलोमीटरचं आणि माणसं दोनशेच्याही आत, तीही क्रोट, क्रेस्टा, प्युर्ट, युप्पा अशा वाड्यांमध्ये विखुरलेली. युफमध्ये जेमतेम तीसेक. म्हणून औषधं, रोख फ्रँक आणि दोन दिवसांचा शिधा खालूनच घेऊन चढायचं. झुरिकहून खूरपर्यंत रेल्वे, पुढे थुसिसपर्यंत छोटी रेल्वे, तिथून आंडेरमार्गे पिवळी पोस्टबस. बसच्या परतीच्या वेळा आधीच लिहून ठेवा. खरेदी थुसिस किंवा आंडेरला उरका.

घरून डाळ-तांदूळ नेणार असाल तर छोटा कुकर न्या. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. साजूक तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा. भारतातून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत.

थोडी भाषेची तयारी करा. ‘ग्रुएत्सी’, म्हणजे नमस्कार, एवढं तरी म्हणता यायला हवं, वाटेत भेटेल त्याला. इथले लोक वाल्सर. तेराव्या शतकात त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून, वालिस भागातून निघालेले जर्मनभाषक शेतकरी होते. आजूबाजूला रोमान्श आणि इटालियन, मधे हे जर्मन बोलणारं खोरं. उंचावरची पडीक जमीन कसायला तयार झाले म्हणून त्यांना स्वतःचे हक्क मिळाले. ही हकिकत ठाऊक असली की लाकडाची ती काळवंडलेली घरं वेगळी दिसू लागतात.

आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते. क्रेस्टाच्या वर झाडंच नाहीत, मग सरपण कुठलं? गोठ्यात हिवाळाभर मेंढ्यांच्या पायांखाली घट्ट तुडवलं गेलेलं शेणखत हे लोक कापून, वड्या पाडून वाळवत आणि चुलीत घालत. अगदी विसाव्या शतकापर्यंत. आपल्याकडे गोवऱ्या थापलेल्या भिंती ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गावात कुणी वडीलधारं भेटलं तर याबद्दल जरूर विचारा. त्यासाठी जर्मनमधले चार प्रश्न लिहून न्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, गवत. युफचं पोट गुरांवर आहे आणि गुरांचं पोट या गवतावर. धान्य इथे पिकत नाही. लांबलचक हिवाळ्यासाठी उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत चारा कापून, वाळवून साठवावा लागतो, तोही तीव्र उतारांवर. डोंगरी शेती टिकावी म्हणून सरकार थेट अनुदान देतं, पाहुण्यांकडूनही थोडं उत्पन्न येतं, तरी घाम गवतातच गळतो. न कापलेल्या कुरणात फोटोसाठी शिरणं म्हणजे उभ्या पिकात पाय देणं. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगा. कुरणाचं फाटक उघडलंत तर लावून घ्या, आणि वासरं असलेल्या गाईंपासून लांबून वळसा घाला.

हिवाळ्यात जायचं असेल तर हिमस्खलनामुळे रस्ता बंद पडू शकतो, एखादा दिवस राखून ठेवा. उन्हाळ्यात पाय साथ देत असतील तर परत बसने न उतरता २५८१ मीटरच्या श्टालरबेर्ग खिंडीतून पलीकडच्या बिव्हिओ गावाला चालत जा. तीनेक तास धरा, बूट भक्कम हवेत, आणि दुपारचे ढग जमण्याआधी खिंड ओलांडा.