गिटारच्या नेकसाठी लाकूड घेताना आधी फळीचं टोक बघा

नेकसाठी, म्हणजे गिटारच्या लांब दांडीसाठी, कुठलं लाकूड चांगलं, हा प्रश्न मला सगळे पहिल्यांदा विचारतात. मी स्वतः लाकूड घेताना तो सगळ्यात शेवटी विचारते.

मी बनवलेल्या दुसऱ्या गिटारची नेक मेपलची होती. फळीवर लाटांसारखी नक्षी होती, इतकी देखणी की तिच्या टोकाकडे मी नीट पाहिलंच नाही. वर्षाच्या आत नेकला पीळ पडला. जाड तारा फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, घासून खरखरायच्या आणि बारीक तारा बोटं दुखतील इतक्या वर राहायच्या. नेकच्या आत बसवलेल्या धातूच्या सळईनं, म्हणजे ट्रस रॉडनं, बाक निघतो, पीळ निघत नाही. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवर चिकटवलेली बोटं ठेवायची पट्टी, सोडवून ती नेक बाजूला ठेवताना फार वाईट वाटलं. लाकडात दोष नव्हता, ते कापलं होतं तिरपं.

लाइट गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या, स्टीलच्या सहा तारा मिळून नेकवर ७० किलोहून जास्त ओढ टाकतात, तीही रात्रंदिवस. नायलॉन तारांची ओढ साधारण याच्या निम्मी.

म्हणून फळी हातात आली की टोक बघायचं. करवतीनं कापलेल्या टोकावर काही दिसत नाही. धारदार पटाशीनं तिथला पातळ पापुद्रा काढा आणि ओलं बोट फिरवा, वलयांच्या रेषा लगेच उठून दिसतात. फिंगरबोर्ड ज्या बाजूवर चिकटणार, तिच्याशी या रेषा काटकोनात उभ्या हव्यात. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आक्रसत नाही. हार्ड मेपल ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या कडेनं जवळपास १० टक्के आक्रसतं आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेनं ५ टक्क्यांहूनही कमी. रेषा तिरप्या असल्या की ही तफावत नेकला पिळते. महोगनीत हेच आकडे ४ आणि ३ च्या आसपास आहेत. महोगनीची नेक इतकी वर्षं टिकून आहे ती या जवळ-जवळच्या आकड्यांमुळे, आवाजाचं त्यानंतर.

आडव्या रेषांचीच फळी मिळाली तर ती सोडू नका. तिच्या लांब पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी कडेवर उभी करा आणि शेजारच्या पट्टीचं टोक उलटं करून चिकटवा. रेषा उभ्या होतात आणि एकीचा ताण दुसरी अडवते.

आता तंतूंची दिशा. फळीच्या बाजूला रंधा मारून गुळगुळीत करा आणि शाईचा एक छोटा थेंब टाका. थेंब गोल राहत नाही, त्याला बारीक शेपटी फुटते. शेपटी जिकडे जाते तिकडे तंतू जातात. ती फळीच्या कडेला समांतर हवी. कडेकडे वळत असेल तर ती फळी नेकसाठी घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. हेडस्टॉक, म्हणजे तारांच्या खुंट्या असलेलं नेकचं डोकं, मागे साधारण १५ अंशात झुकलेला असतो. तो अखंड लाकडातून कापला की तिथले तंतू आखूड पडतात आणि गिटार एकदा पडली की नेमकी तिथेच तुटते. मी हेडस्टॉक नेहमी तिरक्या जोडानं वेगळा चिकटवते. त्यात तंतू दोन्हीकडे लांब राहतात, शिवाय लाकूडही कमी लागतं.

ओलावा ६ ते ८ टक्के असला की मी निश्चिंत असते. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर तुकडा वजनकाट्यावर ठेवा आणि वजन तारखेसह पेन्सिलनं त्याच्यावरच लिहा. दर आठवड्याला पुन्हा तोला. आकडा उतरायचा थांबला की लाकूड तुमच्या खोलीच्या हवेला रुळलं. मग ३-४ मिलिमीटर जादा ठेवून ढोबळ आकार कापा आणि दोन आठवडे हात लावू नका. पोटातला ताण मोकळा होऊन ते वाकणार असेल तर आत्ताच वाकू दे.

आता नावं. महोगनी, सापेले आणि स्पॅनिश सीडर ही तिन्ही आपल्या कडुलिंबाच्याच कुळातली. स्पॅनिश सीडर नावाला सीडर, घनमीटरला ४७० किलोच्या आसपास, हलकं आणि स्थिर. नायलॉन तारांच्या गिटारला मी दुसरं काही वापरत नाही. महोगनी ५९० च्या जवळपास. मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे लाकूड कुठून आलं त्याचे कागद मागायला संकोचू नका. सापेले जड आणि मजबूत, पण तंतू एकमेकांत अडकलेले असल्यामुळे बोथट रंध्याखाली उचकटतं. मेपल ७०० च्या घरात. छोट्या बॉडीला ते लावलं तर मांडीवर गिटार डोक्याकडे झुकते आणि डावा हात वाजवायचा सोडून तिला सावरत बसतो. अक्रोड दिसायला आणि कापायला दोन्हीत छान. सागाचं तेल सरसाला धरू देत नाही आणि त्यातली सिलिका हत्यारांची धार घालवते, पहिल्या नेकसाठी तो टाळा.

एक फळी पसंत पडली तर दोन नेक निघतील एवढी घ्या. दुसऱ्या तुकड्याच्या टोकांना मेण लावा, वजन लिहा आणि पुढच्या गिटारसाठी तो सपाट फळीवर आडवा ठेवा.