जर्मनीतले कपडे आणि तोंडावर बोलणारी माणसं

जर्मनीला निघालेली मुलं सगळ्यात आधी जॅकेटबद्दल विचारतात. ते मी सांगतेच, पण पहिल्या हिवाळ्यात थंडीपेक्षा जास्त लागतं ते लोकांचं बोलणं. त्याची तयारी इथूनच करून जा.

मी आखेनला मास्टर्स केलं. आमच्या बॅचमधली एक मुलगी पहिल्या प्रॅक्टिकलला ओढणी घेऊन आली. सुपरवायझर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे बर्नरजवळ चालणार नाही. बाहेर ठेवून ये." आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. तिचे डोळे भरून आले. थोड्याच वेळात त्याच बाई तिच्या शेजारी उभ्या राहून पिपेट कशी धरायची ते शांतपणे दाखवत होत्या. त्यांच्या दृष्टीने ओढणीचा विषय तिथेच संपला होता. लॅबमध्ये लांब पँट, बंद बूट, बांधलेले केस आणि सुती कोट लागतो. पॉलिस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं, म्हणून तिथे कुणी भीड ठेवत नाही. एरवी वर्गात जीन्स आणि स्वेटर पुरतो, कित्येक प्राध्यापकही तसेच येतात.

मला लागलेलं वाक्य घरातलं होतं. फ्लॅटमधली मुलगी दारातच म्हणाली, "तुझ्या जॅकेटला तळणीचा वास येतो." मी रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, "असं कसं बोलली ती?" मलाही राग आला होता. पण ती पाठीमागे कुजबुजली नव्हती, आणि वास खरंच येत होता. हिवाळ्यात खिडक्या बंद, त्यात फोडणी, आणि जॅकेटं स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीवर. त्यानंतर मी जॅकेट खोलीतल्या कपाटात ठेवू लागले. स्वयंपाक करताना दार लावायचं आणि झाल्यावर खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, एवढ्याने भागतं. फोडणी मी सोडली नाही, तुम्हीही सोडू नका.

मात्र "इथले लोक स्पष्टच बोलतात" या नावाखाली सगळंच गिळायचं नाही. जॅकेट पातळ आहे, वास येतो, बूट घसरतील, हे ऐकून घ्या. रंगावरून, धर्मावरून, देशावरून कुणी बोललं तर तिथल्या तिथे सांगा, "हे मला चालणार नाही." त्यांना सरळ उत्तराची सवय असते. नोकरीच्या ठिकाणी भेदभाव झाला तर 2006 पासून तिथे समान वागणुकीचा कायदा आहे. नुकसानभरपाई मागायची असेल तर साधारणपणे 2 महिन्यांत लेखी मागावी लागते, म्हणून तारीख, वेळ आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. टिकली किंवा मंगळसूत्राबद्दल कुणी विचारलं तर बहुतेकदा ते निव्वळ कुतूहल असतं.

आता जॅकेट. पुण्यातून उणे वीसचं जाडजूड जॅकेट घेऊन जाऊ नका. आखेनला बर्फापेक्षा पाऊस आणि वारा जास्त, तिथे पाणी न शिरणारं, कंबरेखाली येणारं जॅकेट हवं. ड्रेस्डेन किंवा म्युनिकला थंडी कडक असते. इमारती आतून गरम असतात, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, आत गेलं की काढता येतात. बुटांवर मात्र पैसे खर्च करा. जॅकेट सेकंडहँड चांगलं मिळतं. सौनाला, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, जाणार असाल तर आधी चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र आणि बिनकपड्यांचे बसतात, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. काही ठिकाणी बायकांसाठी वेगळा दिवस असतो.

आणि मुलींनो, साडी न्याच. दिवाळीच्या कार्यक्रमाला साडीखाली थर्मल लेगिंग, वर लांब कोट, पायात बूट, चपला पिशवीत. ट्राममध्ये शेजारची आजी हमखास विचारेल, "थंडी नाही वाजत?" मी काठ जरासा उचलून लेगिंग दाखवते.