जुना वायर फीडर दुसऱ्या मशीनला जोडण्याआधी

हातात पक्कड घेण्याआधी दोन्ही पाट्या पुसून वाचा, वेल्डिंगची तार पुढे सोडणाऱ्या फीडरचीही आणि त्यामागच्या वेल्डिंग मशीनचीही. उदाहरणाला लिंकनचा जुना एलएन-७ घेऊ. त्याला ११५ व्होल्ट एसी लागतो आणि तो तार ठरावीक वेगाने सोडतो. म्हणजे मागचं मशीन सीव्ही, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारंच हवं. फक्त सीसी, म्हणजे करंट स्थिर ठेवणाऱ्या, स्टिक वेल्डिंगच्या मशीनवर त्याच्याकडून चांगलं काम होणार नाही, तिथे वायरिंग करत बसू नका. त्यासाठी आर्कचा व्होल्टेज पाहून वेग बदलणारा फीडर वेगळा मिळतो.

आता १४ पिनांचा गोल प्लग. खरी काळजी इथेच घ्यायची, कारण लिंकन आणि मिलर या दोघांकडेही तो दिसायला सारखाच असतो आणि आतली मांडणी मात्र निराळी असते. लिंकनमध्ये ११५ व्होल्ट ‘ए’ आणि ‘जे’वर, तर ४२ व्होल्ट ‘आय’ आणि ‘के’वर. मिलरमध्ये ‘ए’वर २४ व्होल्ट, ‘आय’वर ११५ व्होल्ट, ‘जी’ या दोन्हींचा कॉमन (परतीची तार) आणि ‘के’ ही चक्क मशीनची बॉडी. त्यामुळे प्लग बसला म्हणून वायरिंग जुळलं असं कधीही धरू नका. आमच्या शेडमध्ये अशाच घाईत एक कंट्रोल कार्ड गेलं आणि चार दिवस काम अडलं. तेव्हापासून फीडर लावण्याआधी रिकाम्या सॉकेटच्या प्रत्येक पिनेवर मीटर धरून आकडे वहीत उतरवायचे, हा माझा नियम आहे. त्याला अर्धा तास लागतो, तो द्यावा.

एलएन-७ मिलरला जोडायचा तर फीडरच्या ३१ आणि ३२ नंबरच्या तारा ‘जी’ आणि ‘आय’कडे जातात. २ आणि ४ या ट्रिगरच्या, म्हणजे टॉर्चवरच्या बटणाच्या, तारा ‘ए’ आणि ‘बी’कडे, कारण ती जोडी एकत्र आली की मिलरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे वेल्डिंगचा व्होल्टेज चालू करणारा स्विच, ओढतो. पण त्याआधी फीडर चालू ठेवून, ट्रिगर दाबून आणि सोडून, २ आणि ४ वर व्होल्टेज येतो का ते तपासा. नुसता कॉन्टॅक्ट असेल तर ठीक; व्होल्टेज दिसला तर मधे रिले टाका. २१ नंबरची तार जॉबच्या (वेल्डिंग करायच्या तुकड्याच्या) केबलच्या लगला. फीडरवरून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या तारा पहिल्या दिवशी मोकळ्या ठेवून टोकं टेपने बंद करा, व्होल्टेज मशीनवरूनच लावा.

मशीनमध्ये ११५ व्होल्ट नसेल तर बाहेरून ट्रान्सफॉर्मर लागेल. तो वेगळ्या वाइंडिंगचा, आयसोलेशनचाच घ्या. ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यातून मेन लाइन थेट कंट्रोल सर्किटमध्ये येते, माणसाच्या हातापर्यंत. पाटीवरच्या अँपिअरला व्होल्टने गुणून येईल त्याच्या दीडपट व्हीए धरा आणि फ्यूज विसरू नका.

तार ढकलणारे ड्राइव्ह रोल आणि फीडरची बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशनही पाहा. ते गेलेलं असेल तर वेल्डिंगचा करंट कंट्रोल केबलच्या बारीक अर्थ वायरमधून परततो आणि ती जाळतो. इन्सुलेशन तपासायचा मेगर लावणार असाल तर आधी कंट्रोल कार्ड सुटं करा.

सीओटू वापरत असाल तर गॅसच्या रेग्युलेटरवरच्या हीटरची पाटी वेगळी वाचा. ३६ व्होल्टचा हीटर ११० च्या सॉकेटला लागला की संपलाच.

पोलॅरिटी तारेप्रमाणे: सॉलिड तारेला टॉर्च पॉझिटिव्ह, बिनगॅसच्या फ्लक्स-कोअरला बहुतेक वेळा निगेटिव्ह, तरी डब्यावरचं वाचाच.

मशीन उघडायचं झालं तर इन्व्हर्टरमध्ये ४१५ व्होल्टचे आत ५८७ च्या आसपास डीसी होतात. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, निदान पाच मिनिटं थांबणं, मग कपॅसिटरवर मीटर धरणं, या क्रमात फरक करू नका.

पहिली चाचणी तार न भरता करा. ट्रिगर दाबल्यावर टॉर्चला व्होल्टेज आला पाहिजे आणि मोटर फिरली पाहिजे. सोडल्यावर दोन्ही लगेच थांबले पाहिजेत. व्होल्टेज राहिला तर ‘ए’-‘बी’ची जोडी कुठेतरी चिकटली आहे, तार भरू नका, प्लग उघडा.