संरक्षित क्षेत्रे आणि बदलते हवामान : या चुका टाळा

पाऊस लांबला की संरक्षित क्षेत्रात पहिला आदेश निघतो तो कृत्रिम पाणवठ्यांचा. नव्याने रुजू झालेल्यांना हा उपाय विशेष प्रिय असतो, कारण तो चटकन उभा राहतो आणि छायाचित्रात उत्तम दिसतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात उत्तरेकडच्या कोरड्या भागात कूपनलिकांमुळे बारमाही पाणी मिळू लागले, तेव्हा झेब्रे तेथे स्थिरावले आणि त्यांच्या मागोमाग सिंह आले. त्यात दुष्काळाची भर पडून उंच गवतात विरळ राहणारी रोन हरणे १९८६ मधल्या सुमारे ४५० वरून १९९३ पर्यंत जेमतेम ४५ वर आली. पुढे तेथील अनेक कूपनलिका बंद कराव्या लागल्या. इतके सगळे ठाऊक असूनही एका संरक्षित क्षेत्राच्या व्यवस्थापन आराखड्याच्या बैठकीत, पाणवठ्यांवर कोणते प्राणी येतात याची नोंद मी मागितली, तेव्हा माझ्यापुढे टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवण्यात आला. भोवतालचे गवत खुरांखाली संपले होते आणि जनावरे भरल्या पाणवठ्याशेजारी भुकेने मरत होती, याचा त्या कागदांत उल्लेखही नव्हता. दोन पाणवठ्यांमधले अंतर आणि मधल्या गवताची स्थिती पाहिल्याशिवाय मी नव्या पाणवठ्याला संमती देत नाही, आणि दिलीच तर तो बंद केव्हा करायचा हेही त्याच कागदावर लिहून घेतो.

दुसरी चूक म्हणजे जुनी प्रजाती-सूची जशीच्या तशी नव्या आराखड्यात उतरवणे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभीचे सर्वेक्षण सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा केले, तेव्हा पाहणीतल्या २८ लहान सस्तन प्रजातींपैकी निम्म्या प्रजातींच्या अधिवासाच्या सीमा डोंगरात सरासरी सुमारे ५०० मीटर अधिक उंचीवर सरकल्याचे आढळले. म्हणून मी सूचीत प्रत्येक नावापुढे ‘सरकायला जागा कोठे?’ असा रकाना ठेवतो. तो रिकामा राहिला, तर प्राण्यांना दुसरीकडे जाता यावे म्हणून भ्रमणमार्गाची चर्चा हद्दीबाहेरच्या जमीनमालकांशी करावी लागते, जी कोणालाच नको असते.

हवेतला कार्बन शोषण्याच्या नावाखाली नैसर्गिक गवताळ प्रदेशात झाडे लावू नका. अतिक्रमण आणि अतिचराईचे खापर हवामानावर फोडू नका.

कडक संरक्षण म्हणजे उष्णतेपासूनही संरक्षण, असेही कोणी समजू नये. २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीचा सर्वाधिक होरपळलेला भाग होता तो दुर्गम आणि तुलनेने निर्मळ असा उत्तरेकडचा. मासेमारीवरील निर्बंध आणि स्वच्छ पाणी यांमुळे प्रवाळ पुढे सावरू शकतात, परंतु तापलेले पाणी हद्दीच्या खुणा पाहून थांबत नाही, आणि आराखड्यात तसे गृहीत धरलेले आढळले तर मी तो परत पाठवतो.