फुटपाथचा हिशेब मागायचा तर मोजमाप पुस्तिका मागा

"फुटपाथ का खचला?" असं माहिती अधिकारात विचारू नका. 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते चुकीचंही नसतं. कायद्याने कागद मिळतो, खुलासा नाही. तुर्भ्याच्या एका कंपनीत आयुष्यभर बिलं तपासली. आता कोपरखैरण्यात घरी बसून पालिकेची तपासते.

अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मर्यादा १५० शब्दांची आणि विषय एकच, तेव्हा गटार आणि फुटपाथ एकत्र कोंबू नका. रस्त्याची दोन्ही टोकं लिहा आणि त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती मागा. पानाला २ रुपये. दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कार्यादेशात सापडतो. आवकचा शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

३० दिवसांत उत्तर नाही? २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. ते बेलापूरलाच आहे, पण सुनावणीची तारीख लवकर मिळेल अशी आशा धरू नका.

खरी गंमत मोजमाप पुस्तिकेत. अभियंत्याने जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी लिहायची आणि त्यावरच बिल निघायचं. पान हातात घ्या, टेप घ्या, सोसायटीतले दोघं सोबत घ्या. लांबीत सहसा कुणी चोरी करत नाही, ती कुणालाही दिसते. झाडांची आळी आणि गेटची जागा वजा केलीय का, ते बघा. जुनेच कर्बस्टोन (फुटपाथच्या कडेचे दगड) धुऊन परत बसवलेत आणि बिलात नवे आहेत का? पेव्हर ब्लॉक ८० मिलिमीटर जाडीचा लिहिलाय? उखडलेला एखादा उचलून मोजा. (उखडलेला सापडतोच.) जे निघेल ते तारखेसह लिहून तिघांच्या सह्या.

तक्रार आयुक्तांकडे, प्रत शहर अभियंत्याला, दोष दायित्व कालावधी संपायच्या आत. तोवर ठेकेदाराची अनामत पालिकेकडे असते. ती परत गेली की तुमच्या अर्जाला धार उरत नाही.

मधे कुणी 'चहापाण्याचं' बोललं तर पैसे न देता १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. २०१८च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका.