घोडी मोकळी आहे! नवी हॉलो-बॉडी गिटार लावण्याआधी

पक्कड हातात घेण्याआधी मास्किंग टेप आणा. रंगारी खिडकीच्या कडेला लावतात ती, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घरात असेल तर हुडकून गिटारशेजारी ठेवा; ‘आहे कुठेतरी’ हे चालणार नाही. बाकीची यादी पुढे येतेच आहे, पण एकच गोष्ट वाचून उठायचं असेल तर ही वाचा. हॉलो-बॉडीचा, म्हणजे पोकळ पोटाच्या गिटारचा ब्रिज (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) बहुतेक वेळा लाकडाला जोडलेला नसतो. तारांच्या दाबाखाली तो नुसता उभा असतो. तारा काढल्या की सुटला. म्हणून तारांना हात लावण्याआधी तो कुठे उभा आहे त्याची खूण करायची. आधी. नंतर नाही.

मी नंतर करायला गेलो, तेव्हा खूण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार वाजवलेली. तिथे ब्रिज स्क्रूने आवळलेला, सहाही तारा सपासप कापल्या तरी जागचा हलत नाही. त्याच सवयीने दिवाणावर मांडी घालून नव्या गिटारच्या सगळ्या तारा सैल केल्या, ओढून काढल्या आणि फ्रेटबोर्ड पुसायला गिटार जराशी कलती केली. टक् असा बारीक आवाज झाला. ब्रिज घसरला, मांडीवरून लादीवर गेला आणि त्याचं पितळी चाक सुटून घरंगळत कपाटाखाली. पाठोपाठ टेलपीस, तारांची मागची टोकं अडकवतात तो भाग. तोही तारांनीच ताणून धरलेला असतो, तो फळीवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या लाकडावर आपटला. ब्रिजच्या पायाने फिनिशवर काढलेली नखाएवढी कोर अजून आहे.

मग काय, चाक काढलं, ब्रिज अंदाजाने ठेवला, तारा चढवल्या. सुट्या तारांवरचे कॉर्ड बरे वाटले, झोपलो. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी. पाचव्या फ्रेटच्या वर हात गेला की सगळं गढूळ. पेटीवाले काका भाता मारता मारता माझ्याकडे बघत होते. मध्यंतरात दुधाचा पेला हातात घेऊन म्हणाले, ‘वरचा सा कुठे ठेवलास रे, तळमजल्यावर?’

बरोबर होतं त्यांचं. ब्रिज टेलपीसच्या बाजूला साधारण ६ मिलीमीटर जास्त गेला होता. २४.७५ इंची, म्हणजे ६२८ मिलीमीटरच्या स्केलवर तेवढ्याने बाराव्या फ्रेटचा सूर सोळा-एक सेंट खाली येतो. अख्खा अर्धस्वर १०० सेंटचा, त्यातले सोळा. एकट्याने वाजवताना माणूस खपवून घेतो, पेटीशेजारी नाही.

तर टेप.

त्याआधी एक मिनिट काढून आपली गिटार नक्की कुठल्या जातीची आहे ते बघा. ब्रिजच्या दोन्ही बाजूंचे खांब थेट फळीत घुसलेले असतील तर ब्रिज पक्का आहे. गिब्सनच्या १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा आहे, ब्रिज त्यात बसतो. तिला सेमी-हॉलो म्हणतात. एपिफोनची कसिनो तर आतून पूर्ण पोकळ, तरी तिचे खांब फळीतच. काही ग्रेचमध्येही ब्रिजचा पाया खिळलेला मिळतो. पण ईएस-१७५ सारख्या जुन्या वळणाच्या गिटारींमध्ये खांब एका लाकडी पायात बसवलेले असतात आणि तो पाया फळीवर नुसता टेकलेला असतो. सतार-तंबोऱ्यात आपण जिला घोडी म्हणतो तीच ही, फक्त ही खुंट्याला बांधलेली नाही. व्हायोलिनवाल्यांना हे सांगावं लागत नाही. आम्हा गिटारवाल्यांना लागतं.

खूण करायची ती अशी. पायाच्या चारही बाजूंना टेपचे तुकडे फळीवर चिकटवा, अगदी पायाला भिडवून. पायाची रेघ टेपवर पेन्सिलीने मारा, लाकडावर नाही. मग स्टीलच्या पट्टीने बाराव्या फ्रेटच्या मध्यापासून तार जिथे ब्रिजवर टेकते तिथपर्यंत मोजा. दोनदा मोजायचं, एकदा जाड ‘ई’ ला आणि एकदा बारीक ‘ई’ ला, कारण ब्रिज किंचित तिरपा असतो आणि तो तिरपा असायलाच हवा. दोन्ही आकडे टेपवरच लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पट्टी फोटोत येईल असा. ब्रिजच्या वरच्या भागाची कुठली बाजू जाड तारांकडे होती तेही लिहा. तो भाग उलटा बसतो, आणि उलटा बसला तर वरच्या खाचा चुकीच्या तारांखाली येतात. तुम्ही तासभर घोडी पुढेमागे करत बसाल आणि काहीच जुळणार नाही. टेपचं काम झालं की त्याच दिवशी काढा. जुन्या पद्धतीच्या नायट्रो लॅकरवर ती आठवडाभर राहिली तर फिनिश सोबत घेऊन निघेल.

‘मी एकेक तार बदलतो, मला टेप नको’ असं म्हणणारे भेटतात. एकेक बदलणं चांगलंच, ब्रिज पडत नाही. पण सरकतो. प्रत्येक तार ताणताना त्याचं डोकं नटकडे, म्हणजे मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीकडे ओढलं जातं. टेप लावा.

टेलपीसखाली जुना बनियन किंवा फडकं घाला. हेही तारा काढण्याआधी.

आता सामान. ट्यूनर आणि कटर आहेतच, धरून चालतो. फिलर गेज घ्या, गॅरेजवाले टॅपेटची फट मोजतात ते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात मिळेल, तिथेच अर्ध्या मिलीमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या, शाळेच्या कंपासपेटीतली नको. ट्रस रॉडची (मान सरळ ठेवणारी तिच्या आतली सळई) चावी खोक्यात आलेली असते, तीच वापरा. मापात थोडी इकडेतिकडे असलेली अ‍ॅलन की घालून सळईच्या नटाचे कोपरे झिजवलेत तर पुढे मान उघडायची वेळ येते.

तारा धोबीतलावला घ्या नाहीतर घरपोच मागवा, पण कुठल्या घ्यायच्या ते आधी ठरवा. मी ०.०११ चा संच घेतो (हा आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचात). पोकळ गिटारवर ०.००९ म्हणजे घोडीवर पुरेसा दाबच नाही, जोरात वाजवलं की ती नाचते. अख्खा लाकडी ब्रिज असेल तर त्याची तिसऱ्या तारेची खाच बघा. अशा बऱ्याच ब्रिजवर ती खाच गुंडाळी असलेल्या ‘जी’ तारेसाठी कोरलेली असते. तिथे साधी ‘जी’ चढवली की बाकी पाच तारा सुरात आणि ही एकटी चढी. त्यात तुमच्या कानाचा दोष नाही. एकतर गुंडाळीची ‘जी’ घ्या, नाहीतर पोलादी सॅडलवाला (प्रत्येक तारेखाली वेगळा सरकणारा तुकडा असलेला) वरचा भाग आणा.

आणि दिवस कुठला निवडताय ते बघा. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत ८० च्या वर असते. मान फुगते, वाकते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. भर पावसाळ्यात लावलेली गिटार ऑक्टोबरच्या उन्हात तीच राहत नाही, पुन्हा बघावी लागते. पावसात आणलीत तर वाजण्याइतपत करून घ्या, नीट बैठक दिवाळीनंतर. ज्या भिंतीला पावसात ओल धरते तिच्यावर गिटार टांगू नका. आमच्याकडे पश्चिमेची भिंत तशी आहे आणि खिळा नेमका तिथेच आहे. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका.

क्रम बदलायचा नाही. तारा चढवा, सुरात आणा, मग मान, मग उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा येणं). उलट केलंत तर प्रत्येक पायरी आधीची बिघडवते.

तारा चढवताना ब्रिज टेपच्या चौकटीत बसवा. पहिली आणि सहावी तार आधी, म्हणजे तो धरला जातो, मग मधल्या. दर दोन तारांनंतर बाजूने बघा, ब्रिजची पाठ फळीशी काटकोनात हवी. डोकं पुढे झुकलं असेल तर तारा जरा ढिल्या करून दोन्ही हातांनी मागे घ्या. झुकलेल्या ब्रिजवर केलेलं इंटोनेशन म्हणजे घसरगुंडीवर मांडलेली भातुकली.

पाया फळीला नीट बसतोय का? पातळ कागदाची पट्टी कडेने आत सरकवून बघा. कुठे सहज गेली तर तिथे फट आहे आणि तेवढा आवाज वाया जातोय. फळीवर टेपनेच सँडपेपर लावायचा, खरखरीत बाजू वर, आणि पाया त्यावर तारांच्या दिशेने घासायचा, आडवा नाही. सावकाश. पहिल्याच दिवशी हे करू नका, आठवडाभर वाजवून मग ठरवा. माझी फट कागदापुरती होती, मी सोडून दिली.

मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मान जिथे धडाला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली गेज घाला. ०.२ ते ०.२५ मिलीमीटर फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात आणा, पुन्हा मोजा. चावी अडली तर थांबा आणि गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. जोर लावू नका, इथे जोर लावलेल्याच्या गोष्टी मी ऐकल्यात आणि त्या स्वस्त नाहीत.

उंची. बाराव्या फ्रेटवर जाड ‘ई’ खाली २ मिलीमीटर, बारीक ‘ई’ खाली दीडच्या थोडं वर. ब्रिजची पितळी चाकं फिरवायची, पण तारा ढिल्या करून. ताणलेल्या तारांखाली फिरवलीत तर आटे झिजतात आणि बोटंही सोलतात. आणि हो, चाकं फिरवताना ब्रिज सरकतो. टेप अजून लावलेली आहे ना? असू द्या.

इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर, दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे, उतरला तर नटकडे. आधी दोन्ही ‘ई’ जुळवा, म्हणजे पाया त्याच्या तिरपेपणासकट ठरतो, मग पोलादी सॅडल असतील तर मधल्या चार. सरकवायचं ते मिलीमीटरभर, तारा ढिल्या करून. जमलं की नवी जागा टेपवर पुन्हा मारा, पुन्हा मोजा, आकडे मोबाइलमध्ये टाका. कारखान्यातून आलेली खूण आता जुनी झाली. ही खरी. पुढच्या वेळी तारा बदलताना हेच आकडे लागणार आहेत आणि टेपवरचे तोवर कचऱ्यात गेलेले असणार.

नटच्या खाचेत तार अडकून टिक् टिक् करत असेल तर पेन्सिलीचं शिसं चोळा. खाच कोरायला जाऊ नका.

वायरिंग. नवी गिटार आहे, उगाच उघडू नका. पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचा फिरता भाग) किंवा कपॅसिटर बदलायचेच असतील तर लॅमिंग्टन रोडला ५०० के चे पॉट आणि ०.०२२ चा कपॅसिटर मिळतो, पण दांड्याची लांबी बघून घ्या. या गिटारीला मागे झाकण नसतं, सगळं एफ-होलमधून, म्हणजे फळीतल्या एफ आकाराच्या भोकातून बाहेर आणि परत आत. प्रत्येक दांड्याला आधी दोरा बांधा, फिश टँकची बारीक नळी दांड्यावर चढवली तर आणखी बरं, क्रॉफर्ड मार्केटला मिळते. टेलपीसला जाणारी अर्थची वायर तुटली नाही ना बघा. तारांवर हात ठेवला की गुणगुण थांबते आणि उचलला की सुरू होते, हे बऱ्याच गिटारींचं असतंच. हात ठेवूनही थांबत नसेल तर ती वायर, नाहीतर जुन्या चाळीचा अर्थ नसलेला सॉकेट.

फीडबॅक येणार, पोकळ आहे ती. अ‍ॅम्पकडे तोंड करून उभे राहू नका, दहा बाय बाराच्या खोलीत आवाज कमी ठेवा. फारच झालं तर एफ-होलमध्ये फोमचा तुकडा, त्याला दोरा, नाहीतर काढता येत नाही.

पिकअपची उंची कानाने. खुंट्यांचे स्क्रू आवळा. झालं.

लोकलने नेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा. पोहोचल्यावर कव्हर उघडून आधी पट्टी लावा, दोन आकडे जुळवा, मग ट्यूनर. दादरला कुणाच्या कोपराने घोडी सरकली असेल तर ती स्टेजवर सांगणार नाही. पट्टी आणि टेपचं रीळ कव्हरच्या पुढच्या खिशात, कटरशेजारी.