चीनला माल बघायला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

"तिकीट काढलंय, आता कुठे जाऊ ते सांगा." असा फोन दर हंगामाला येतो. अहो, आधी माल ठरवा, मग गाव, मग तिकीट! ग्वांगझूचा कँटन फेअर हा मोठा व्यापारी मेळा वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तीन टप्प्यांत भरतो. खेळणी तिसऱ्या टप्प्यात असतात. पहिल्या टप्प्याला पोहोचलेला खेळणीवाला यंत्रं बघत फिरतो. दिव्यांना झोंगशानमधलं गुझेन, फर्निचरला फोशान, बारीकसारीक हजार प्रकारांना यिवू.

पण खरी खर्चिक चूक वेगळीच, आणि ती सगळ्यांना हुशारी वाटते: भाव पाडत राहणं.

माझ्या ओळखीच्या कोल्हापूरच्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याने ग्वांगडोंग प्रांतात स्टेनलेस स्टीलचे टॉवेल रॉड पसंत केले. सॅम्पल ३०४ ग्रेडचं, सुरेख. घासाघीस करून त्याने भाव बराच खाली आणला आणि त्याच आनंदात ॲडव्हान्स भरला. प्रोफॉर्मावर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर, नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं, ग्रेड नाही. माल उतरल्यावर त्याने लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही, म्हणून निर्धास्त. पण ३०४ काय आणि त्याहून स्वस्त २०१ ग्रेड काय, दोन्हींना चुंबक सहसा धरत नाही. आलेला माल २०१ चा होता. त्यात महागडं निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून गंज लवकर धरतो. रॉड मालवणच्या हॉटेलांत लागले. खारी हवा, त्यात पावसाळा. स्क्रूच्या भोकांभोवती आधी चहा सांडल्यासारखे डाग आले, मग वेल्डिंगच्या रेषेवर गंज. तक्रार कशाच्या जोरावर करणार? कागदावर होतं तेच त्यांनी पाठवलं होतं.

भाव खाली आला की कारखानदार तो फरक मालातूनच काढतो, हे उतावळ्या नवशिक्यांना पटत नाही. मी समोरच्याला सरळ विचारतो, "एवढ्या भावात मालातलं काय बदलाल?" उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक येतं. मग ग्रेड, मिलिमीटरमध्ये जाडी, नगाचं वजन, फिनिश, सगळं प्रोफॉर्मावर चिनीतही लिहून घेतो. मंजूर सॅम्पलचे दोन नग, दोन्हींवर दोघांच्या सह्या. एक त्यांच्या कपाटात, एक माझ्या बॅगेत. २०१ ओळखायच्या द्रवाची छोटी बाटली तिथेच विकत घेतो, विमानात नेत नाही. घासलेल्या पत्र्यावर थेंब टाकायचा. २०१ असेल तर लगेच लाल होतो.

दुसरी चूक, शोरूमलाच कारखाना समजणं. छान सोफा, चहा, भिंतभर सॅम्पल्स, आणि मशीन एकही नाही. ट्रेडिंग कंपनी वाईट नसते, लहान ऑर्डरला तीच बरी पडते, पण ती कारखाना म्हणून भाव सांगत असेल तर मी उठतो. बिझनेस लायसन्स मागून घ्या. त्यावर १८ अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि धंद्याचं स्वरूप असतं, सोबतच्या दुभाष्याला वाचायला सांगा. दुभाषी स्वतःचा न्या, कारखान्याने दिलेला नको. बँक खातं लायसन्सवरच्याच नावाचं हवं. 'मॅनेजरच्या वैयक्तिक खात्यात टाका' म्हणाले की व्यवहार तिथेच थांबवा.

बाकीचं थोडक्यात. चिनी नववर्षाच्या आगेमागे जाऊ नका, कामगार गावी गेलेले असतात. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडाही सुट्टीचा. व्हॉट्सॲप आणि गुगल तिथल्या नेटवर सरळ चालत नाहीत. तिथे निरोपांना वीचॅट आणि पैसे भरायला अलीपे चालतं, पण या दोन्ही ॲप्सवर भारतात २०२० मध्ये बंदी आली, म्हणून ती इथून चालू होतील असं धरून चालू नका. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्याचं भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) लायसन्स त्या चिनी कारखान्याकडेच लागतं, म्हणून पहिला प्रश्न तोच, भावाचा नंतर.

आणि ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल तयार झाल्यावर असं ठरलं असेल, तर ते ७० टक्के तपासणीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सोडू नका. तपासायला जाणाऱ्या माणसाला सह्या केलेलं सॅम्पल आणि प्रोफॉर्मा आधी पोचवा. खोकी तोच निवडेल, कारखान्याने पुढे केलेली घ्यायची नाहीत, हेही त्याला बजावून सांगा.